टेबल सापडत नाही? आधी पत्ता विचार

बाय, सपोर्टच्या खुर्चीत बसलीस की एक संदेश तुला पुन्हा पुन्हा भेटणार आहे: अमुक टेबल सापडत नाही. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर २०८ आकडा दाखवून ‘इनव्हॅलिड ऑब्जेक्ट नेम’ म्हणेल. ओरॅकल ओआरए-००९४२ म्हणेल, मायएसक्यूएल आणि मारियाडीबी ११४६ म्हणतील, पोस्टग्रेस ४२पी०१ असा संकेतांक देईल. फोनवरचा माणूस या सगळ्याचा एकच अर्थ लावतो, की डेटा गेला. तो अर्थ तू लावू नकोस. टेबल बहुतेक वेळा जागेवर असतं. प्रोग्राम भलत्या जागी उभा राहून, चुकलेल्या नावाने किंवा अधिकार नसलेल्या लॉगिनने त्याला हाका मारत असतो. आपल्याकडे म्हणतातच ना, काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आणि आपल्याकडे हे फोन मुहूर्त बघून येतात. एप्रिलात आंब्याच्या पेट्या भरून झालेल्या असतात, वाशीच्या बाजारात जायची गाडी अंगणात उभी असते, आणि नेमकं तेव्हाच चलन निघत नाही. मासेमारीची पावसाळी बंदी उठून मिरकरवाड्याच्या बंदरात पहिली मासळी उतरली, की कुणाचा तरी वजनाचा स्क्रीन उघडत नाही. समोरचा घाबरलेला असतो, ओरडतोही. ते अंगाला लावून घेऊ नकोस. पण त्याच्या घाईने तूही धावायला लागलीस तर संपलं.

पहिल्यांदा पूर्ण संदेश मागव, अक्षरांत. व्हॉट्सअॅपवर स्क्रीनचा तिरका फोटो येतो आणि त्यात हमखास टेबलाचं नावच कापलेलं असतं. त्या फोटोवर काम सुरू करायचं नाही. नावाच्या मागे काय लिहिलंय, पुढे काय, टिंब आहे का, अक्षरं लहान की मोठी, हे सगळं आपल्याला लागणार आहे. मग तीन प्रश्न विचार. एकट्याला होतंय की सगळ्यांना? एकाच स्क्रीनवर की सगळीकडे? आणि कधीपासून? एकट्यालाच होत असेल तर त्याच्या अधिकारात किंवा त्याच्या मशिनच्या जोडणीत बघायचं. सगळ्यांना, पण एकाच स्क्रीनवर होत असेल तर अर्धवट राहिलेलं अपडेट, मोडका व्ह्यू किंवा एखादा प्रोसिजर. सगळ्यांना सगळीकडे होत असेल तर प्रोग्राम दुसऱ्याच डेटाबेसात शिरलाय. बरंचसं निदान इथे फोनवरच होतं.

‘काल पतूर चालत होता, आम्ही कायच केला नाय’ हे वाक्य तुला रोज ऐकायला मिळेल. त्यावर वाद घालू नकोस, माणूस खोटं बोलत नसतो. त्याला ‘काय केलंत’ असं विचारलं तर तो ‘काही नाही’ म्हणणारच. तू नाव घेऊन विचार. काल रात्री अपडेट आलं का? नवीन पीसी लावला का? कुणी जुना बॅकअप परत चढवला का? पासवर्ड बदलला का? आधीचा मुलगा नोकरी सोडून गेला का? शेवटच्या प्रश्नावर हमखास थोडी शांतता पसरते. तो मुलगा गेला, त्याचं लॉगिन कुणीतरी व्यवस्थितपणा म्हणून काढून टाकलं, आणि निम्मे रिपोर्ट त्याच्याच नावाच्या स्कीमात होते, असं निघालेलं मी पाहिलंय.

आता डेटाबेसकडे वळू. इथे नव्या मुलांची एक खोड मला फार खटकते. सर्वाधिकारी लॉगिनने आत शिरायचं, टेबल दिसलं की फोनवर सांगायचं, ‘माझ्याकडे तर दिसतंय.’ तुझ्याकडे दिसणारच, तुला सगळंच दिसतं. प्रोग्राम ज्या लॉगिनने आत जातो त्याच लॉगिनने जा, आणि आत गेल्यावर आधी विचार: मी कुठे आहे, आणि मी कोण आहे? एसक्यूएल सर्व्हरवर @@सर्व्हरनेम, डीबी_नेम, स्कीमा_नेम, एसयूझर_एसनेम. मारियाडीबीवर होस्टनेम, डेटाबेस, करंट_युजर. पोस्टग्रेसवर करंट_डेटाबेस, करंट_युजर आणि शो सर्च_पाथ. ओरॅकलवर सिस_कॉन्टेक्स्टमधून करंट_स्कीमा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. हे न करता जो दुसरं काही करतो, तो अंधारात चाचपडतो.

या अर्ध्या मिनिटात काय काय बाहेर पडतं बघ. लाइव्ह समजून जोडलेला सर्व्हर टेस्टचा निघतो. डेटाबेसचं नाव मागच्या वर्षाचं निघतं, कारण नव्या पीसीवर जुनी कॉन्फिगची फाइल उतरवलेली असते. एसक्यूएल सर्व्हरवर तर नेहमीचं: लॉगिनचा मूळ डेटाबेस ‘मास्टर’ राहिलेला, जोडणीत नाव दिलेलं नाही, म्हणून प्रोग्राम मास्टरमध्ये उभा राहून बिलाचं टेबल शोधतोय. उलटही घडतं. कुणीतरी डेटाबेस न निवडताच स्क्रिप्ट चालवलेली असते आणि सगळी नवी टेबलं मास्टरमध्ये जाऊन पडलेली असतात. एखाद्या सर्व्हरच्या मास्टरमध्ये डोकावून बघ, कधी काळच्या कुणाकुणाच्या वस्तू तिथे सापडतात.

डेटाबेस बरोबर असेल तर पुढचा प्रश्न स्कीमाचा. आपल्या गावात ‘जोश्यांकडे जायचंय’ म्हटलं तर लोक विचारतात, कुठल्या आळीतले जोशी? स्कीमा म्हणजे ती आळी. नुसतं टेबलाचं नाव दिलं तर डेटाबेस आपल्या समजुतीप्रमाणे आळी धरतो. एसक्यूएल सर्व्हर आधी त्या युजरच्या ठरलेल्या स्कीमात बघतो, मग डीबीओमध्ये. टेबल तिसऱ्याच स्कीमात असेल तर २०८. ओरॅकल आधी चालू स्कीमात बघतो, मग समानार्थी नावं, म्हणजे सिनोनिम धुंडाळतो. पोस्टग्रेस सर्च_पाथमध्ये लिहिलेल्या स्कीमा ओळीने तपासतो, आणि त्याची एक गंमत लक्षात ठेव: त्या यादीतल्या एखाद्या स्कीमावर युजरला वापराचा अधिकारच नसेल तर पोस्टग्रेस तक्रार न करता तो स्कीमा वगळतो आणि सरळ सांगतो, असं टेबल नाही. म्हणून तपासताना नेहमी स्कीमासकट पूर्ण नाव टाकून बघ. पूर्ण नावाने चाललं आणि अर्ध्या नावाने नाही, की दुखणं सापडलं. पूर्ण नावानेही अडलं, तर पोस्टग्रेसवर निदान संदेश तरी खऱ्या कारणाचा येईल.

अधिकाराचं इतकं सोपं नसतं, कारण इथे डेटाबेस मुद्दाम आडपडदा ठेवतात. ओरॅकलचा ००९४२ म्हणजे ‘टेबल नाही’ किंवा ‘टेबल आहे, पण तुला बघायचा हक्क नाही’, या दोन्हींना एकच उत्तर. परक्याला आत काय आहे हेही कळू नये, असा त्यामागचा विचार आहे, आणि तो योग्यच आहे. जुन्या आवृत्त्या तर कुठलं टेबल हेही सांगत नसत. २३एआयपासून निदान नाव छापून येतं. मायएसक्यूएलची रीत उलटी. अधिकार नसेल तर टेबल असो वा नसो, तो ११४२ देऊन ‘परवानगी नाही’ म्हणतो. एसक्यूएल सर्व्हर सिलेक्टला अधिकार नसेल तर २२९ देतो, पण त्याच युजरने सिस.ऑब्जेक्ट्सची यादी मागितली तर अधिकार नसलेली टेबलं त्या यादीत येतच नाहीत. म्हणजे ‘यादीत नाही म्हणून टेबल नाही’ हे अनुमान त्या लॉगिनने काढायचं नाही. यादी सर्वाधिकाऱ्याच्या नजरेने आणि हाक प्रोग्रामच्या तोंडून, अशी जोडी लावायची. पहिल्याला दिसतं आणि दुसऱ्याला नाही, तर अधिकार. दोघांनाही दिसत नाही, तर पुढे जायचं.

ओरॅकलवाल्यांसाठी आणखी एक, कारण यात भली भली माणसं अडकतात. टेबलावरचा हक्क रोलमधून मिळालेला असेल तर साधी क्वेरी चालते, आणि तीच क्वेरी प्रोसिजरमध्ये घातली की ००९४२ येतो. नेहमीच्या पद्धतीने बनवलेल्या प्रोसिजरमध्ये रोलचे हक्क धरले जात नाहीत, युजरला थेट दिलेलाच हक्क लागतो. हे माहीत नसेल तर माणूस दिवसभर डोकं फोडतो.

तुझ्या कंपनीत ईआरपीनेक्स्ट जास्त आहे म्हणालीस. ते आपल्या मुंबईतलं, ऋषभ मेहतांच्या फ्रॅपे टेक्नॉलॉजीजने बनवलेलं, मुक्त परवान्याचं सॉफ्टवेअर. लहान कारखान्यांना परवडतं म्हणून कोकणातही पोचलंय. त्याची टेबलं बहुतेक ठिकाणी मारियाडीबीत असतात आणि त्यांच्या नावांची एक ठरीव पद्धत आहे. प्रत्येक डॉकटाइपच्या, म्हणजे नोंदीच्या प्रकाराच्या, नावाआधी ‘टॅब’ लागतं, आणि डॉकटाइपच्या नावातली मोकळी जागा तशीच राहते. सेल्स इनव्हॉइसचं टेबल म्हणजे ‘टॅबसेल्स इनव्हॉइस’, मध्ये मोकळ्या जागेसकट. आता कुणी रिपोर्ट लिहिताना या नावाला तिरकी अवतरणं, म्हणजे बॅकटिक, लावायला विसरलं तर काय होतं? मारियाडीबी ‘टॅबसेल्स’ हे टेबल समजतो आणि ‘इनव्हॉइस’ हे त्याचं टोपणनाव. मग संदेश येतो, ‘टॅबसेल्स’ नावाचं टेबल नाही. खरंच नाही! त्या नावाचं टेबल कधीच नव्हतं. मी एका मुलाला संपूर्ण बॅकअप परत चढवायच्या तयारीत बसलेला पाहिला, आणि दुखणं फक्त दोन बॅकटिकचं होतं. संदेशातलं नाव अक्षर अक्षर वाच म्हणते ते यासाठी.

त्याच संदेशात टेबलाच्या नावाआधी डेटाबेसचंही नाव असतं: सुरुवातीला अंडरस्कोर आणि पुढे सोळा अक्षरांची अगम्य माळ. लोक ती कचरा समजून सोडून देतात. एका बेंचवर, म्हणजे ईआरपीनेक्स्टच्या एकाच बसवणीत, चार साइट असल्या तर प्रत्येकीचा डेटाबेस वेगळा, आणि ती माळ सांगते की हाक नेमक्या कुठल्या साइटवर गेली. साइटच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘डीबी_नेम’ म्हणून तीच माळ लिहिलेली असते. दोन्ही जुळव. जुळली नाही तर तू दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या साइटवर आज्ञा चालवते आहेस, आणि हे कळल्याबद्दल देवाचे आभार मानून थांब.

ईआरपीनेक्स्टमध्ये काही डॉकटाइपना स्वतःचं टेबल नसतंच. ‘सिंगल’ प्रकारचे, म्हणजे एकच नोंद असणारे, सगळे सेटिंगचे डॉकटाइप ‘टॅबसिंगल्स’ या एका टेबलात ओळीओळीने बसतात. ‘सिस्टिम सेटिंग्ज’चं टेबल शोधायला गेलीस तर जन्मभर सापडणार नाही.

पण तिथल्या खऱ्या तक्रारी बहुतेक अपडेटनंतरच्या. नवा कोड आला, पण ‘बेंच मायग्रेट’ चालवलंच नाही. कोडला नवं टेबल हवंय, डेटाबेसला त्याचा पत्ता नाही. बॅकअप परत चढवल्यावरही हेच होतं: डेटा जुना, कोड नवा. अशा वेळी उपाय एकच, त्या साइटचा बॅकअप घेऊन मायग्रेट चालवणं, आणि ते चालू असताना वीज जाणार नाही याची खात्री करणं. हसू नकोस. मारियाडीबीत टेबल बनवणं-बदलणं हे मागे फिरवता येत नाही, प्रत्येक बदल तिथल्या तिथे पक्का होतो. जूनच्या पहिल्या वादळात मायग्रेट सुरू केलंस आणि मध्येच यूपीएसने मान टाकली, तर काही टेबलं नवी आणि काही जुनी अशी खिचडी हातात राहते. पोस्टग्रेसवर असे बदल एका व्यवहारात बांधता येतात आणि फसले तर सगळेच मागे जातात. इथे ते सुख नाही.

१४व्या आवृत्तीने तर पुष्कळांना घाम फोडला. तोवर जीएसटीचा भाग ईआरपीनेक्स्टच्या पोटात होता. १४पासून तो ‘इंडिया कंप्लायन्स’ या वेगळ्या अॅपमध्ये गेला, आणि पगाराचा भाग ‘एचआरएमएस’मध्ये. ज्यांनी नुसतं ईआरपीनेक्स्ट वर नेलं आणि ही अॅप बसवली नाहीत, त्यांना महिनाअखेरीस पगारपत्रकाचा डॉकटाइपच दिसेना. डेटा गेलेला नव्हता. मायग्रेट करताना फक्त डॉकटाइपची नोंद काढली जाते, टेबल आणि त्यातल्या ओळी तशाच पडून असतात. अॅप बसवलं की ओळख परत पटते. मात्र ‘ट्रिम-डेटाबेस’ म्हणून एक आज्ञा आहे, जी ओळख नसलेली टेबलं उडवून टाकते. जागा मोकळी करायची म्हणून कुणी ती चालवू पाहत असेल तर त्याचा हात धर. कुठली टेबलं जाणार याची यादी आधी वाचायची, आणि त्यात पगाराचं नाव दिसलं तर आज्ञा बंद करून चहा घ्यायचा.

मोठ्या कारखान्यांत सॅप असतं, तिथे तुझा हात कमी पोचेल, पण प्रकार ओळखून ठेव. सॅपचा स्वतःचा शब्दकोश असतो, एसई११ मध्ये दिसणारा, आणि खाली खरा डेटाबेस. शब्दकोशात टेबल आहे आणि डेटाबेसात नाही, अशी फारकत झाली की प्रोग्राम डंप टाकतो. डीबी०२ मध्ये अशा हरवलेल्या वस्तूंची यादी मिळते आणि एसई१४ वरून दोन्हींचा मेळ घालता येतो. ते बटण दाबण्याआधी बेसिसच्या, म्हणजे सॅपची यंत्रणा सांभाळणाऱ्या, माणसाला विचार, कारण त्याच पडद्यावर डेटा पुसून जुळवायचाही पर्याय असतो.

लहान-मोठ्या अक्षरांचं थोडक्यात सांगते. मायएसक्यूएलला विंडोजवर ‘कस्टमर’चं पहिलं अक्षर मोठं की छोटं याचं काही नसतं, लिनक्सवर असतं. विंडोजवरून डेटाबेस लिनक्सवर आणला आणि टेबलं सापडेनाशी झाली, तर आधी इथे बघ. पोस्टग्रेस अवतरण नसलेलं प्रत्येक नाव छोट्या अक्षरांत करून घेतो, ओरॅकल मोठ्या अक्षरांत. कुणी हौसेने अवतरणात मोठ्या अक्षराने टेबल बनवलं की पुढे प्रत्येकाने जन्मभर अवतरण लावायचं. खूण अशी, की तू मोठं अक्षर टाइप केलंस आणि संदेशात मात्र छोटं छापून आलं.

एसक्यूएल सर्व्हरच्या मॅनेजमेंट स्टुडिओत टेबलाखाली लाल रेघ येते आणि तोच ‘इनव्हॅलिड ऑब्जेक्ट नेम’ दिसतो, पण क्वेरी चालवली की उत्तर येतं. ती रेघ त्या खिडकीच्या जुन्या आठवणीची. कंट्रोल-शिफ्ट-आर दाबलं की जाते. त्यावरून कुणाला फोन करू नकोस.

आता ३१ मार्चचं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. एसक्यूएल सर्व्हरमध्ये प्रोसिजर बनवताना त्यात उल्लेखलेलं टेबल अस्तित्वात नसलं तरी तो तक्रार करत नाही, प्रोसिजर बनवून मोकळा होतो. तपासणी होते, ती ओळ चालायची वेळ आल्यावर. वर्षअखेरीचा जो भाग वर्षातून एकदाच चालतो, त्यातलं टेबल कुणी जुलैत काढून टाकलं असेल तर बोंब उठते ती ३१ मार्चच्या रात्री. म्हणून मार्चच्या पहिल्या आठवड्यातच बॅकअप दुसऱ्या मशिनवर चढवून तिथे वर्षअखेर चालवून बघायची. कुठला प्रोसिजर कशाकशाला हात लावतो हे सिस.एसक्यूएल_एक्स्प्रेशन_डिपेंडन्सीज या यादीत बरंचसं मिळतं, पण स्ट्रिंग जोडून बनवलेल्या क्वेरी तिथे दिसत नाहीत, त्या डोळ्यांनीच शोधाव्या लागतात. अशा जोडलेल्या क्वेरीत बनवलेलं हॅशचं तात्पुरतं टेबल ती क्वेरी संपताच नाहीसं होतं. बाहेर आल्यावर ते शोधत बसायचं नाही, ते बाहेरच बनवायचं.

व्ह्यूही असाच फसवतो. व्ह्यू आहे, पण तो ज्या टेबलावर उभा आहे ते गेलंय. एसक्यूएल सर्व्हरच्या संदेशात आतल्या टेबलाचं नाव येतं, जे गिऱ्हाइकाने कधी ऐकलेलंही नसतं. ‘असं काही आमच्याकडे नाहीच’ असं तो सांगतो, आणि तू त्याच्यावर विश्वास ठेवतेस.

इतकं सगळं तपासून झाल्यावर मी जे सांगणार आहे ते सगळ्यात महत्त्वाचं. टेबल सापडत नाही म्हणून त्याच नावाचं रिकामं टेबल कधीही बनवू नकोस. मोह फार होतो. टेस्टवरून रचना उचलायची, लाइव्हवर टाकायची, एरर बंद, स्क्रीन उघडला, गिऱ्हाईक खूश, फोन ठेवला. आमरस कॅनिंगच्या एका कारखान्यात असंच झालं. लॉटचं टेबल सापडेना. सपोर्टच्या मुलाने रिकामं बनवून दिलं. लॉट नंबर परत १पासून सुरू झाले. डब्यांवर छपाई होऊन माल गोदामात लागला. दोन दिवसांनी जुन्या हंगामाचा रिपोर्ट कुणीतरी काढला, तो कोरा. मग शोधाशोध, आणि खरं टेबल मिळालं दुसऱ्या स्कीमात, धडधाकट. आता एकाच नंबरचे दोन लॉट, एक जुना, एक नवा. परदेशी जाणाऱ्या मालात डब्यावरच्या लॉट नंबरवरून आंबा कुठल्या बागेतला इथपर्यंत मागे जाता यावं लागतं. छापलेले डबे हाताने वेगळे करत बायका बसल्या होत्या. एरर होता तोवर नुकसान थांबलेलं होतं. रिकाम्या टेबलाने ते चालू केलं.

शिवाय हाताने बनवलेल्या टेबलाला इंडेक्स नसतात, बंधनं नसतात, आणि पुढच्या अपडेटला उलटी बोंब सुरू होते, की या नावाचं टेबल आधीच आहे: एसक्यूएल सर्व्हर २७१४, ओरॅकल ००९५५, मायएसक्यूएल १०५०. काही सॉफ्टवेअर तर हा उद्योग स्वतःच करतात. जावा प्रोग्रामांतल्या हायबरनेटला ‘अपडेट’ची, म्हणजे टेबलं स्वतः बनवायची, मुभा दिलेली असली आणि जोडणी चुकीच्या डेटाबेसावर गेली, की तो तिथे अख्खा रिकामा संसार मांडतो. एरर येतच नाही, नुसते आकडे शून्य दिसतात. ‘सगळं चालतंय पण डेटा दिसत नाही’ असा फोन आला की हे आठव.

राहिला तो शेवटचा प्रसंग, टेबल खरंच गेलेलं असतं तेव्हाचा. पहिलं काम, लोकांना स्क्रीनवरून उठव. चालू कामात नव्या नोंदी होत राहिल्या तर जोडाजोड अवघड होते. ओरॅकलमध्ये १०जीपासून कचऱ्याची टोपली आहे, काढलेलं टेबल बहुधा तिथे मिळतं आणि फ्लॅशबॅकने परत आणता येतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ती सोय नाही, पण ‘स्कीमा चेंजेस हिस्टरी’ या रिपोर्टात कुणी, केव्हा काय काढलं हे थोड्या दिवसांपर्यंत दिसतं. ते वाचून कुणावर धावून जाऊ नकोस, फक्त वेळ टिपून घे. त्या वेळेआधीचा बॅकअप लागणार आहे. आणि बॅकअप चालू डेटाबेसावर चढवायचा नाही. वेगळ्या नावाने शेजारी उभा करायचा आणि त्यातून ते एक टेबल उचलायचं. एका टेबलासाठी अख्खा डेटाबेस मागे नेलास तर आज सकाळपासूनची सगळी बिलं गेली.

बॅकअप म्हणजे डेटाचं फोल्डर कॉपी करणं, असं आपल्याकडे अजून पुष्कळ जणांना वाटतं. मारियाडीबीचं नुसतं डेटाबेसचं फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवलं तर शो टेबल्समध्ये सगळी नावं नीट दिसतात आणि उघडायला गेलं की १९३२ येतो: टेबल इंजिनात नाही. नावाची फाइल आली, पण त्याची नोंद ठेवणारी ‘आयबीडेटा१’ ही फाइल एक पायरी वर, मूळ जागीच राहिली. म्हणून डंप काढायचा किंवा मारियाबॅकअप वापरायचं. टॅलीवाल्यांचं वेगळं, तिथे आकडी नावाचं फोल्डर म्हणजेच कंपनी. त्या सवयीनेच लोक इथे फसतात.

आणि तो बॅकअप त्याच इमारतीत ठेवायचा नाही. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तळमजल्यावरची दुकानं आणि कचेऱ्या बुडाल्या. चिपळूणच्या एसटी आगाराचे व्यवस्थापक आगाराची रोकड सांभाळत पाण्यातल्या गाडीच्या टपावर कित्येक तास बसून राहिले होते, हे तू पेपरात वाचलं असशील. रोकड अशी उचलून टपावर नेता येते. सर्व्हर नेता येत नाही, आणि त्याच्या शेजारच्या कपाटात ठेवलेली बॅकअपची डिस्क त्याच्याबरोबरच बुडते. रोजचा एक बॅकअप गावाबाहेर गेलाच पाहिजे, मग तो क्लाउडवर जावो नाहीतर पुण्यातल्या शाखेत.

हे सगळं तुझ्या वहीत उतरवून ठेव, गिऱ्हाइकावार: सर्व्हर कुठला, डेटाबेसचं नाव काय, प्रोग्राम कुठल्या लॉगिनने जातो, स्कीमा कुठला, टेबलं एकूण किती. पासवर्ड मात्र त्या वहीत नकोत. आणि येत्या शनिवारी एका गिऱ्हाइकाचा कालचा बॅकअप तुझ्या मशिनवर चढवून त्यातली टेबलं मोज. वहीतल्या आकड्याशी जुळली नाहीत तर सोमवारपर्यंत थांबू नकोस, मला रात्रीच फोन कर.